आपल्याला काही झालं नाही

माझ्या मुलीचा जन्म 2011 सालचा, कॅलिफोर्नियातला. बाळंतपणासाठी आई वाईहून आली होती. आपल्या सगळ्यांच्या आया येतात तशीच आली: स्वतःचे चार कपडे एका कोपऱ्यात आणि बाकी सगळी बॅग आमच्यासाठी. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, वेखंड, जुन्या सुती लुगड्यांची दुपटी, आणि दोन पिशव्यांत घालून वर टॉवेलात गुंडाळलेली एक काचेची बाटली. महाबळेश्वरकडच्या ओळखीच्या मधपाळाकडून आणलेला जांभळाचा मध. काळपट, किंचित कडवट. झाकण उघडलं तर वर बारीक फेस आलेला. आई म्हणाली, "बघ, अस्सल आहे. दुकानातल्याला असा फेस येत नाही."

हॉस्पिटलातून घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी आईने सकाळीच आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, चांदीच्या वाटीत मध आणि तूप घेतलं, बोटातली अंगठी काढून धुतली आणि बाळाला मांडीवर घेऊन बसली. मी बेडरूममधून बाहेर आले, ते पाहिलं आणि ओरडलेच, "आई, नको!"

हॉस्पिटलने घरी सोडताना दिलेल्या कागदावर लिहिलेलं होतं, वर्षाच्या आत मध देऊ नये. मी ते आईला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, नुसता अंगठीच्या टोकाला लावून चाटवायचा. मला चाटवला, तुला चाटवला, तुझ्या भावाला चाटवला. कुणाला काही झालं नाही."

यावर मी शांतपणे उत्तर द्यायला हवं होतं. पण तीन रात्रींची झोप नव्हती, टाके दुखत होते, आणि तोंडातून निघून गेलं, "तुमच्या तिकडच्या मधात काय काय असेल कोण जाणे!"

आईने वाटी खाली ठेवली. काही बोलली नाही. त्या दिवशी ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

हे "तुमच्या तिकडच्या" तुमच्याही तोंडून कधी ना कधी निघालं असेल. ज्या गावात आपण वाढलो ते गाव एका शब्दात "तुमचं" करून टाकायचं! मी तेव्हा जे केलं त्यात बरोबर काय होतं आणि चूक काय होतं, याचा हिशोब मी बरीच वर्षं करते आहे. तो करायचा तर आधी त्या बाटलीत नेमकं काय होतं ते पाहायला हवं.

मध हा सूक्ष्मजीवांना राहायला फार कठीण पदार्थ आहे. त्यात साधारण ऐंशी टक्के साखर आणि जेमतेम सतरा ते वीस टक्के पाणी. एखादा जंतू त्यात पडला तर साखर त्याच्या पेशीतलंच पाणी ओढून घेते. शिवाय मध आंबट असतो, आणि मधमाशीच्या लाळेतल्या एका विकरामुळे, मधात थोडं पाणी मिसळलं की त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. जखमेवर मध लावायची आपली जुनी पद्धत म्हणूनच वेडगळ नाही. आज हॉस्पिटलांतही जखमांसाठी मध वापरतात, फक्त तो आधी गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो.

पण कठीण म्हणजे अशक्य नव्हे. मधात काही यीस्ट तग धरतात. पाण्याचं प्रमाण थोडं जास्त असलं की ती जागी होतात आणि मध आंबायला लागतो. आईच्या बाटलीतला फेस बहुधा तोच. म्हणजे ती ज्याला अस्सलपणाची खूण म्हणत होती, ती खरं तर मधात पाणी जरा जास्त असल्याची खूण होती. आपल्याकडच्या सातेरी माश्यांच्या मधात ते बऱ्याचदा असतं. त्याखेरीज मधात असतात बीजाणू. काही जीवाणू वाईट दिवस आले की स्वतःभोवती जाड कवच करून घेतात आणि वर्षानुवर्षं निजून राहतात. त्यांना अन्न लागत नाही, पाणी लागत नाही. उकळत्या पाण्यानेही ते मरत नाहीत; त्यांना मारायला प्रेशरखाली 121 अंशांची वाफ लागते.

त्यांतलाच एक क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. त्याचे बीजाणू मातीत असतात, धुळीत असतात. वाऱ्याने, पाण्याने, माशीच्या पायांना लागून ते पोळ्यात जातात. प्रत्येक बाटलीत असतातच असं नाही, पण असले तर चवीने, वासाने, रंगाने कळत नाहीत. तुम्ही-आम्ही ते खाल्ले तर काहीही होत नाही. आपल्या आतड्यात आधीच इतके जीवाणू वस्ती करून आहेत की नव्याला पाय ठेवायला जागा मिळत नाही. तो आला तसा निघून जातो. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ती वस्ती अजून बसायची असते. तिथे बीजाणू उगवू शकतो, वाढू शकतो आणि विष तयार करू शकतो. हेच विष अत्यल्प मात्रेत टोचून लोक कपाळावरच्या सुरकुत्या घालवतात. बाळाच्या शरीरात ते मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा निरोप अडवतं. आधी बद्धकोष्ठ होतो. मग बाळ नीट दूध ओढेनासं होतं, रडण्याचा आवाज क्षीण होतो, पापण्या जड होतात, मान धरवत नाही. वेळेवर लक्षात आलं नाही तर श्वास थांबतो.

हा आजार वेगळा म्हणून ओळखला गेला तो 1976 साली, इथेच कॅलिफोर्नियात. त्यावरचं खास औषध इथल्याच आरोग्य खात्याने तयार केलं आणि 2003 मध्ये त्याला मान्यता मिळाली. आज वेळेवर निदान झालं तर जवळपास सगळी बाळं पूर्ण बरी होतात.

आता माझ्या चुकीकडे येते. "तुमच्या तिकडच्या मधात" हे विज्ञान नव्हतं. बोट्युलिनमचे बीजाणू सातारा जिल्ह्याच्या मक्तेदारीचे नाहीत. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या मातीत ते भरपूर आहेत. मी ज्या शनिवारच्या बाजारातून मोठ्या कौतुकाने इथला "रॉ" मध आणत असे, त्याला हा नियम तितकाच लागू होता. मोठ्या कंपनीच्या चकचकीत बाटलीलाही लागू होता, कारण मध गरम करून आणि गाळून बीजाणू जात नाहीत. कागदावर "भारतातला मध देऊ नये" असं लिहिलेलं नव्हतं. "मध देऊ नये" असं लिहिलं होतं. मधले शब्द मी माझ्या मनाने घातले. नियम बरोबर होता आणि मी त्याचा वापर चुकीच्या कामासाठी केला: आईला तिची जागा दाखवण्यासाठी.

आणखी एक गोष्ट मला नंतर सुचली. परदेशात राहून आपण ज्याला "गावचा मध" म्हणतो, त्याचं गावपण कशात असतं? साखर सगळीकडे साखरच. गावपण असतं त्यातल्या परागकणांत, यीस्टमध्ये, धुळीत. जांभूळ, हिरडा, काही वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी, त्या डोंगरावरचा पाऊस, त्या मातीचा कण. मध इतका बारीक गाळला की परागकणही निघून जातात, तर तो कुठल्या फुलांवरचा आहे हे प्रयोगशाळेला नीट सांगता येत नाही. म्हणजे आई ज्याला शुद्ध म्हणत होती ते खरं तर भरपूर मिसळ असलेलं होतं, आणि म्हणूनच ते आमच्या गावचं होतं. गावाच्या मातीच्या आठवणीने आपण हळवे होतो. ती माती त्या बाटलीत खरोखरच होती, आणि नेमकी तीच बाळाला द्यायची नव्हती.

आता आईच्या मुद्द्याकडे. "कुणाला काही झालं नाही" हे खोटं नव्हतं. आणि आकडेही एका परीने तिच्या बाजूचे आहेत. अमेरिकेत अलीकडे वर्षाला 36 लाखांच्या आसपास बाळं जन्माला येतात आणि हा आजार होतो तो त्यांतल्या दीडशे-दोनशेंना. त्यांतही मधामुळे होणाऱ्यांचा वाटा लहान आहे. बहुतेकांच्या बाबतीत बीजाणू कुठून आला ते सापडतच नाही. माझा नवरा, जो वादात नेहमी दोन्ही बाजूंनी बोलतो, तेव्हा म्हणाला, "आपण तिला रोज गाडीत घालून हायवेवरून नेतो. त्यात धोका जास्त नाही का?"

धोका जास्त आहेच. या प्रश्नाला उत्तर द्यायला मला वेळ लागला. मला वाटतं, धोका किती मोठा एवढं विचारून भागत नाही. तो कुणाच्या अंगावर पडतो आणि त्यातून मिळणारं समाधान कुणाला मिळतं, हेही विचारायला हवं. गाडीतून बाळाला डॉक्टरकडे नेतो. धोका तिचा, फायदाही तिचा. मध चाटवण्यात धोका सगळा तिचा आणि समाधान आमचं. तिला "नको" म्हणता येत नव्हतं. आपण मोठे लोक स्वतःच्या जिवावर काय वाटेल ते करतो, कुणी दारू पितं, कुणी डोंगर चढतं, तो ज्याचा त्याचा प्रश्न. दुसऱ्याच्या जिवावर, तोही बोलता न येणाऱ्याच्या, आपल्याला एक टक्क्याचा हजारावा भागसुद्धा उधळायचा हक्क आहे का?

पण इथे आईच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी, जी तिने कधी मांडली नाही. ते समाधान फक्त तिचं नव्हतं. सोनं, मध आणि तूप यांनी जन्मलेल्या बाळाचं स्वागत करणं हे गृह्यसूत्रांतल्या जातकर्मापासून चालत आलेलं आहे. "तू आमची आहेस, ये," असं म्हणण्याची ती रीत. बाळाला दूध लागतं, लस लागते, तसं आपलं माणूस म्हणून कुणी हातात घेणंही लागतं. परदेशात जन्मलेल्या बाळाला ते जरा जास्तच लागतं. म्हणून "ते काय, अंधश्रद्धा!" म्हणून झटकून टाकणाऱ्यांशी माझं जमत नाही. फक्त ती "ये" म्हणण्याची रीत त्या बाळाला सोसेल अशी हवी, एवढंच.

परंपरेलाही हे नवीन नाही. मध आणि तूप समप्रमाणात घेऊ नये, ते विरुद्ध आहे, हे आयुर्वेदात सांगितलेलं आईला पाठ होतं. त्या सकाळीही वाटीत तूप कमी आणि मध जास्त होता. म्हणजे मधाबाबत सावध राहायला तिला मी शिकवण्याची गरज नव्हती. कशाबाबत सावध राहायचं, त्या यादीत एक भर घालायची होती. ती मी नीट घातली असती तर तिने घेतली असती.

माझी धाकटी बहीण ऑकलंडला असते. पुढच्या वर्षी आई तिच्याकडे गेली तेव्हाही बाटली होती. विमानतळावरच ती काढून घेतली गेली. न्यूझीलंड प्रवाशांना मध आणू देत नाही. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम राज्यात तर त्याच देशाच्या दुसऱ्या राज्यातला मधही चालत नाही. आई फोनवर मला म्हणाली, "इथे तर बाळ पण नाही. मग यांना काय झालं?"

तेव्हा मी वाचलं, आणि त्या वाचनाने माझा सगळा विचार पालटला. हे नियम माणसांसाठी नाहीत, माश्यांसाठी आहेत. मधातून मधमाश्यांच्या रोगांचे जीवाणू जातात. युरोपियन फाउलब्रूड नावाचा रोग न्यूझीलंडमध्ये नाही, आणि त्यांना तो येऊ द्यायचा नाही. दुसरा अमेरिकन फाउलब्रूड. त्याचे बीजाणू मधात आणि पेट्यांत कित्येक दशकं जिवंत राहतात, आणि रोग लागलेली वसाहत बहुतेकदा जाळून टाकावी लागते. या दोन्ही रोगांत मोठ्या माशीला काही होत नाही. ती मध खाते, उडते, काम करते, आणि बाळांना भरवते. त्या घासातून रोग जातो. मरतात त्या अळ्या, पोळ्यातली तान्ही बाळं.

माणूस काय आणि माशी काय, गोष्ट एकच. मोठ्यांना काही होत नाही, म्हणून मोठे निर्धास्त वाहून नेतात. तेही मायेने, भरवताना. ज्याला काही होतं तो बोलू शकत नाही. "आपल्याला काही झालं नाही" हे वाक्य खरं असूनही पुरावा म्हणून कुचकामी आहे. ते बोलायला उरलेल्यांनीच बोललेलं असतं.

आपण समुद्रापार काय काय घेऊन आलो, याचा विचार मी तेव्हापासून करते. माझी मुलगी सहा वर्षांची असताना एका दुपारी बाहेर खेळत होती. मी खिडकीतून सहज म्हणाले, "उन्हात फार खेळू नकोस गं, काळी होशील." हे वाक्य मी लहानपणी शेकडो वेळा ऐकलं आहे. मला काही झालं नाही. शाळा शिकले, नोकरी केली, संसार केला. तिने तिच्या मैत्रिणीकडे पाहिलं. मैत्रिणीचं कुटुंब इथिओपियाहून आलेलं. मग घरात येऊन मला हळूच विचारलं, "म्हणजे ती वाईट दिसते का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ते वाक्य कुठल्याही वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. मायेनेच म्हटलं होतं. माझ्यात ते इतकी वर्षं निजून होतं. आडनाव ऐकल्यावर मनात उठणारा पुढचा प्रश्न, दुसऱ्याच्या मुलाशी केलेली तुलना, "दोन धपाटे खाल्ले म्हणून काही बिघडलं नाही" हा अभिमान, या सगळ्यांबद्दल आपण असंच बोलतो. आपण वाढलो त्या वस्तीत या गोष्टींना उत्तर देणारं बाकीचंही बरंच काही होतं: आजी होती, शेजार होता, भांडण झालं तर समजूत घालायला काकू होती. इथे वाढणाऱ्या मुलाच्या मनात ती वस्ती नसते. तिथे तो कण एकटाच पडतो आणि उगवतो.

मग काय, बाटलीच फेकून द्यायची? तसं करणारेही आपल्यात आहेत. मुलांना कशाचाच त्रास नको म्हणून भाषा नको, सण नकोत, गावाचं नाव नको. मला ते मध गाळून गाळून परागकणही काढून टाकण्यासारखं वाटतं. गोड राहतं, पण कुठलं ते सांगता येत नाही. काही गोष्टींना फक्त थांबावं लागतं, मधासारखं, बारा महिने. काही गोष्टी, माझ्या उन्हाबद्दलच्या वाक्यासारख्या, कुठल्याच वयात देण्यासारख्या नसतात. यांतला फरक ओळखायची पक्की युक्ती माझ्याकडे नाही. एवढंच कळलं आहे की ती गोष्ट स्वतःवर तपासून चालत नाही. आपल्यातला जो सगळ्यांत नाजूक आहे, ज्याला नको म्हणता येत नाही, त्याच्याकडे पाहून तपासावी लागते.

त्या सकाळचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. दोन दिवसांनी बाळाला तेल लावता लावता आई आपण होऊन म्हणाली, "माझ्या पाठचा एक होता. तीन महिन्यांचा. एक दिवस दूध ओढेनासा झाला, मान टाकली, आणि गेला. आईला कुणी सांगितलं दृष्ट लागली, कुणी म्हणालं गारठा." बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आम्ही कुणाला काही झालं नाही म्हणतो, तेव्हा त्याला धरत नाही."

तो कशाने गेला हे आता कुणालाही कळणार नाही. त्या काळी बाळं शंभर कारणांनी जात. मी मधाचं नाव काढलं नाही, तिनेही काढलं नाही. मी फक्त म्हणाले, "आई, मी त्या दिवशी नको ते बोलले. इथल्या मधालाही तेच लागू आहे." ती म्हणाली, "हो ना? मग ठीक आहे." आणि बाटली फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ठेवून दिली. जाताना अंगठी माझ्या हातात दिली.

वर्षाचा वाढदिवस झाला, त्यानंतरच्या रविवारी आम्ही स्काइप लावलं. पलीकडे वाईच्या घरात आई नवी साडी नेसून बसली होती. बाटलीतला मध तळाशी दाणेदार झाला होता. मी अंगठी धुतली, टोकाला थोडा मध लावला आणि मुलीच्या जिभेवर ठेवला. तिने तोंड वाकडं केलं. जांभळाचा मध कडवटच असतो. आई पलीकडून विचारत होती, "चाटला का? आवडला का गं?" मग मुलीने अंगठी धरून ठेवली आणि सोडेना, तेव्हा आई म्हणाली, "बघ, मला माहीत होतं. एक वर्ष थांबली बिचारी."